बेल्जियन पद्धतीची गोल्डन एल खानदेशात चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, सावदा, धुळे या पट्ट्यातल्या मित्रमंडळींना घरी बसवून क्राफ्ट बीअर (छोट्या ब्रुअरींनी कमी प्रमाणात बनवलेली बीअर) चाखायला द्यायची मला आवड आहे. त्यात बेल्जियन पद्धतीची गोल्डन एल निघाली की प्रश्नांची सरबत्ती होते. ती उत्तरं इथं एकत्र केली आहेत. चाखण्यासाठी तरबेज जीभ किंवा परदेशी पुस्तकी शब्द लागतात, असं कुणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. केळीच्या बागेत आणि काळ्या मसाल्याच्या वासात वाढलेल्या माणसाचं नाक या बीअरसाठी आधीच तयार असतं.

गोल्डन एल म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’पेक्षा वेगळी कशी?

आपल्याकडच्या बीअर शॉपीत मिळणारी कडक बीअर बहुतेक वेळा लागर असते. लागरचं यीस्ट थंडाव्यात, सावकाश काम करतं आणि स्वतःचा वास फारसा सोडत नाही. एलचं यीस्ट उबदार तापमानात आंबवतं आणि जाताना फळांचे, मसाल्यांचे वास मागे ठेवून जातं. बेल्जियन गोल्डन एलची सगळी मजा या यीस्टमध्ये आहे. रंग फिकट सोनेरी, फेस पांढराशुभ्र आणि दाट, अंग हलकं, शेवट कोरडा.

स्पर्धांच्या परीक्षकांची जी मार्गदर्शिका असते, तिच्यात ‘बेल्जियन गोल्डन स्ट्राँग एल’साठी ७.५ ते १०.५ टक्के अल्कोहोल आणि २२ ते ३५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) कडवटपणा धरला आहे. भारतीय अन्नमानकांत कडक बीअर म्हणजे ५ ते ८ टक्के. त्यामुळे आपल्याकडची क्राफ्ट ब्रुअरी ही शैली करते, तेव्हा तिला ८ च्या आत राहावं लागतं. सहा-सात टक्क्यांची ‘बेल्जियन ब्लाँड’ ही हिची सौम्य, किंचित गोडसर बहीण. लेबलवर दोन्ही नावं सरमिसळ वापरलेली दिसतात, म्हणून नावाआधी टक्का वाचा.

ही शैली आली कुठून?

ब्रुसेल्स आणि अँटवर्पच्या मधल्या ब्रेनडाँक गावातून. तिथं मूर्टगाट घराण्याची १८७१ मध्ये सुरू झालेली ब्रुअरी आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ‘व्हिक्टरी एल’ नावाची बीअर काढली, तिच्यासाठी स्कॉटलंडहून यीस्ट आणलं. १९२३ मध्ये तिचं नाव ‘ड्युव्हेल’ झालं. तेव्हा ती गडद रंगाची होती. आजचा सोनेरी रंग तिला १९७० मध्ये मिळाला आणि तिथून ही शैली उभी राहिली. पुढं ह्यूघ ब्रुअरीची ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ आली, इतरही आल्या.

एवढी कडक बीअर बेल्जियममध्येच का रुजली, याला एक कायदाही कारण आहे. १९१९ च्या व्हान्डरव्हेल्डे कायद्यानं तिथल्या गुत्त्यांमध्ये ऊर्ध्वपातित दारू देण्यावर बंदी आली. ती ऐंशीच्या दशकापर्यंत टिकली. लोकांना जरा जोरकस काही हवं होतं, ते ब्रुअरींनी बीअरमधून दिलं. २०१६ मध्ये युनेस्कोनं बेल्जियमची बीअर संस्कृती मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

यात साखर घालतात म्हणे. मग गोड का लागत नाही?

घालतात, आणि त्यात फसवणूक काही नाही. जवाच्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) निघणाऱ्या शर्करांपैकी काही यीस्टला पचत नाहीत. त्या बीअरमध्ये राहतात आणि तिला गोडवा, दाटपणा देतात. साधी साखर किंवा डेक्स्ट्रोज मात्र यीस्ट पूर्ण फस्त करतं. तिचं अल्कोहोल आणि वायू होतो, मागे गोडी उरत नाही. सगळं अल्कोहोल माल्टमधूनच काढलं असतं, तर साडेआठ टक्क्यांची बीअर काकवीसारखी जड झाली असती. साखरेनं ती कोरडी आणि हलकी राहते. म्हणूनच ही बीअर जपून प्यावी लागते: ताकद आहे, पण जिभेला तिचं वजन कळत नाही.

बाकी सामान साधं. फिकट पिल्सनर माल्ट, चेक प्रजासत्ताकातले साझ किंवा स्लोव्हेनियाकडचे स्टायरियन गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट. मसाले सहसा घालत नाहीत. मिरीचा, लवंगेचा जो भास होतो, तो यीस्टचा.

मला यात केळ्याचा वास आला. खरंच येतो की आपण केळीवाले म्हणून तसं वाटतं?

खरंच येतो. हा प्रश्न मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिकलेल्या केळ्याच्या वासात आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं एस्टर (फळांसारखा वास देणारं संयुग) प्रमुख असतं. एल यीस्टही आंबवताना हेच एस्टर बनवतं. दोन्हीकडे त्याचं नातं ल्युसिन या अमिनो आम्लाशी पोहोचतं. म्हणजे ‘केळ्यासारखा’ वास असं म्हणायचीही गरज नाही. बाटलीत आणि फळात रेणू एकच आहे. (मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना सावध करणारा जो वास सोडते, त्यातही हाच रेणू असतो. मोहोळाजवळ गेल्यावर केळ्याचा वास आला, तर मागे फिरा.)

आता आपला फायदा बघा. शहरातल्या माणसाला केळ्याचा एकच वास माहीत असतो. रावेर-यावलकडच्या माणसाला निदान चार माहीत असतात. हिरव्या घडाचा चिकट, तुरट वास. रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यावर अंगावर येणारा गोड दमट भपका. देठाशी अजून हिरवट, पण मधे पिवळ्या झालेल्या फणीचा. आणि सालीवर काळे ठिपके पडले की येणारा, मधाकडे झुकणारा, जवळजवळ दारूचा वास. ग्लास नाकाशी धरा आणि यातला कोणता, ते ठरवा. चांगल्या गोल्डन एलमध्ये केळं असलं तर तिसऱ्या पायरीचं असतं, तेही मागच्या रांगेत. पुढं नाशपाती, सफरचंद, संत्र्याची साल असायला हवी. काळ्या ठिपक्यांचं केळं पुढं येऊन बसलं असेल, तर आंबवताना तापमान हाताबाहेर गेलं असण्याची शक्यता मोठी. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरमध्ये केळं ठळक असणं हा गुण आहे; इथं ते मर्यादेत हवं.

लवंग आणि मिरीचं काय?

काही यीस्ट जवातल्या फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाचं फिनॉल तयार करतं. त्याचा वास थेट लवंगेकडे जातो. गोल्डन एलमध्ये तो हलका असावा; मिरीची चुरचुर मात्र शेवटाला जाणवली तर छानच. पहिल्यांदा चाखताना एका वाटीत दोन लवंगा, दुसरीत चार मिरे जरा ठेचून ठेवा. एकदा वाटी, एकदा ग्लास असं आलटून पालटून हुंगा. काळा मसाला घरी कांडून घेणाऱ्या बायका या खेळात पुरुषांच्या पुढं असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कधी एक जणी म्हणते, “हाई लवंग नही, दालचिनी शे,” आणि सगळे परत हुंगायला लागतात.

ग्लास कोणता घ्यावा?

पोट फुगीर, तोंड किंचित आत वळलेलं, खाली दांडी असलेला ट्युलिप ग्लास सगळ्यात चांगला. तो नसेल तर वाइनचा मोठा ग्लास घ्या. स्टीलचा नको, रंग दिसत नाही, फेस दिसत नाही. ड्युव्हेलच्या ग्लासच्या तळाशी आतून एक अक्षर कोरलेलं असतं. त्या खरखरीत जागेवरून बुडबुडे सुटत राहतात, फेस टिकतो.

ग्लासाच्या आकाराहून त्याची स्वच्छता महत्त्वाची. तेलाचा किंवा साबणाचा पुसटसा थर राहिला तरी फेस बसतो. गरम पाण्यानं खळखळून धुवा, पालथा घालून वाळू द्या, पंच्यानं पुसू नका.

किती थंड हवी?

सहा ते दहा अंशांच्या मधे. फ्रिजमधून काढल्याबरोबर चार-पाच अंशांची बीअर वासाला मुकी असते. हिवाळ्यात बाटली काढून दहा-बारा मिनिटं थांबा. मे महिन्यात भुसावळला थांबायची गरज नाही, ग्लासात ओतून होईपर्यंत ती तयार होते. बर्फ टाकू नका. बर्फ टाकला की फेस, कोरडेपणा आणि वास तिन्ही गेले.

ओतायची कशी? तळाशी गाळ दिसतो, तो खराब झाल्याचा का?

गाळ म्हणजे यीस्ट. या शैलीच्या बऱ्याच बीअर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात: भरताना थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालून बूच लावतात, आतच वायू तयार होतो. साध्या लागरमध्ये एक लिटर बीअरला साधारण अडीच लिटर वायू विरघळलेला असतो. इथं तो साडेतीन-चारपर्यंत जातो. म्हणून बाटली हलवून आणलेली, तापलेली असेल तर उघडताच अर्धी टेबलावर येते.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. ग्लास तिरपा धरा, धार काचेवरून सावकाश सोडा. एका ओतण्यात उरकायचं, बाटली मधे सरळ करायची नाही, नाहीतर गाळ उठतो. ग्लास दोन तृतीयांश भरला की सरळ करा आणि धार मधोमध सोडा. फेस वर चढू लागतो, काठाच्याही वर घुमटासारखा उभा राहतो आणि सांडत नाही. तळाची एक बोटभर बीअर बाटलीतच ठेवा. पहिला ग्लास स्वच्छ प्यायल्यावर तो गाळ वेगळ्या छोट्या ग्लासात घेऊन बघा. पावाच्या पिठाचा वास, जरा जास्त मसालेदार, जरा कडू. काहींना तोच आवडतो. त्यात अपाय काही नाही. फार घेतला तर पोटात गुडगुड होईल एवढंच.

चाखायची रीत काय?

३३० मिलिलिटरची एक बाटली तिघांत. चाखायला एवढी पुरते.

आधी बघा: रंग, बुडबुडे, फेस किती वेळ उभा राहतो आणि काचेवर जाळी सोडतो का. मग हुंगा. लांब श्वास नको, दोन-तीन छोटे हुंगे, मग थांबा, मग परत. नाक लवकर थकतं. थकलं की स्वतःच्या मनगटाची कातडी हुंगा, ते पुन्हा ताळ्यावर येतं. पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला. दुसरा जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. अर्धा वास त्या श्वासात असतो.

मग लिहा. आणि इथं माझा आग्रह आहे: तुमच्या घरचे शब्द लिहा. परदेशी वर्णनांत ‘हनीड्यू’, ‘अॅप्रिकॉट’ असतं. ते फळ तुम्ही वर्षानुवर्षं खाल्लेलं नसेल, तर ते लिहू नका. ‘कच्चा पेरू’, ‘धुवून वाळत घातलेले धने’, ‘मोसंबीची पांढरी साल’, ‘पावसाआधीची माती’ असं लिहिलं, तर सहा महिन्यांनी वाचून तो घोट तुम्हाला आठवेल. सगळ्यांनी आपापलं लिहून झाल्यावरच बोला. एकानं मोठ्यानं ‘संत्रं’ म्हटलं की बाकीच्यांना दुसरं काही सापडत नाही.

बिघडलेली बीअर ओळखायची कशी?

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती जुनी आहे किंवा उष्णतेत राहिली आहे. उग्र, जनावराच्या घाणीकडे जाणारा वास आला तर तिला ऊन लागलं आहे. हॉप्समधले घटक उजेडानं फुटतात, हिरव्या आणि पांढऱ्या काचेत हे लवकर घडतं. लोण्याचा वास म्हणजे डायअॅसिटिल, या शैलीत दोष. नेलपॉलिश रिमूव्हरचा किंवा नाकात झोंबणारा स्पिरिटचा वास म्हणजे आंबवताना उष्णता जास्त झाली. आंबट, शिरक्यासारखी लागली तर बाटली मोरीत ओता.

अल्कोहोलची हलकी ऊब घशात जाणवणं मात्र दोष नाही. ती ऊब असावी, आग नसावी.

आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बाटल्या ठेवू कुठं?

फ्रिजमध्ये, उभ्या. दुसरा चांगला पर्याय नाही. जुन्या धाब्याच्या घरातली आतली खोली बरीच गार राहते, पण एप्रिल-मेमध्ये तिच्यावरही विसंबू नका. पुण्या-मुंबईहून कुणी आणणार असेल तर थर्माकोलच्या पेटीत आणायला सांगा. उभ्या गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली बाटली ताज्या बाटलीसारखी लागत नाही. मी स्वतः उन्हाळ्यात ही बीअर मागवतच नाही. खानदेशात तिचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमका भरिताचा.

मग भरितासोबत चालेल?

चालेल काय, माझ्या मते यापेक्षा चांगली जोडी आपल्याकडे नाही. जळगावची भरिताची हिरवी वांगी, तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, साल काढून बडगीत ठेचलेली, वर लसूण, मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, सढळ तेल. त्या धुरकट, तेलकट, मऊ घासावर या बीअरचा जोरदार वायू आणि कोरडा शेवट तोंड साफ करून देतो, आणि तिची मिरी लसणाशी जुळते. सोबत कळण्याची भाकरी. फक्त त्या दिवशी मिरची निम्मी घाला.

कारण तिखटाशी हिचं पटत नाही. अल्कोहोल तिखट टिपणाऱ्या मज्जातंतूंना आणखी चेतवतं, वायू त्यात भर घालतो. झणझणीत शेवभाजी किंवा फौजदारी डाळीवर हा घोट घेतला तर आग दुप्पट होते आणि बीअरची चव काहीच कळत नाही. शेवभाजी माझ्या जिवाची आहे, पण तिच्यासोबत ताक प्यावं.

वरण-बट्टी उत्तम, कारण तुपाला हा वायू कापतो. बिबडे तळून, ज्वारीच्या चवीमुळे छान. केळ्याचे खारे वेफर्स जरूर ठेवा: मीठ कडवटपणा खाली आणतं आणि ग्लासातलं फळ वर येतं. खापरावरची पुरणपोळी मात्र नको. तिच्या गोडीपुढं ही बीअर पाणचट आणि कडू लागते.

शाकाहारी माणसानं घ्यावी का?

घटक धान्य, फुलं, पाणी, साखर आणि यीस्ट हेच. पण काही ब्रुअरी बीअर नितळ करायला आयसिंग्लास, म्हणजे माशाच्या फुग्यापासून काढलेलं द्रव्य, वापरतात. ते बीअरमध्ये राहत नाही, तरी ज्यांना चालत नाही त्यांनी ब्रुअरीला सरळ विचारावं. क्राफ्टवाले सांगतात. गव्हा-जवाच्या ग्लुटेनचा त्रास असेल तर ही बीअर तुमच्यासाठी नाही.

एवढ्याशा बाटलीनं किती चढेल?

हिशेब करू. ३३० मिलिलिटरला ८.५ टक्के म्हणजे २८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगात ते सुमारे १३ असतं. म्हणजे ही छोटी बाटली दोन लहान पेगांहून थोडी जास्त. ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत साडेबत्तीस. ‘बीअरच तर आहे’ म्हणून मोठ्या बाटलीच्या वेगानं प्यायलात तर तासाभरात कळेल.

गाडीवर परत जायचं असेल तर चाखूही नका. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्याकडे येणारे मुक्कामाला येतात किंवा घरच्या कुणाला तरी न्यायला बोलावतात. औषधं चालू असतील, यकृताचा किंवा साखरेचा त्रास असेल, गर्भारपण असेल तर नको.

परवाना लागतो का? नंदुरबारकडे न्यायची असेल तर?

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. वयाची अट सौम्य बीअर-वाइनला २१, कडक मद्याला २५ अशी आहे. इतक्या कडक बीअरला मी २५ चंच वय धरतो.

नंदुरबार, नवापूरकडच्या मंडळींनी एक ध्यानात ठेवा. नवापूर रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. सुरतेच्या पाव्हण्यांना भेट म्हणून बाटली नेणं हा सरळ गुन्हा होतो. सेंधवा, बऱ्हाणपूरहून इकडे आणतानाही दुसऱ्या राज्याचा माल म्हणून उत्पादन शुल्क खात्याचे नियम लागतात.

मोहाच्या दारूशी हिची तुलना होईल?

नाही, आणि करूही नये. मोहाची फुलं आंबवून मग ऊर्ध्वपातन करतात. ही नुसती आंबवलेली. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात मोहाला पूजेत, लग्नात, सणात जागा आहे. ती गोष्ट वेगळ्या मानाची आहे.

ही आवडली. पुढं काय चाखू?

ट्रिपेल, बेल्जियमचीच आणखी एक कडक एल. वेस्टमालच्या ट्रॅपिस्ट (ख्रिस्ती संन्याशांच्या एका पंथाच्या) मठाची ट्रिपेल १९३४ पासूनची, ९.५ टक्के, रंगानं गोल्डन एलच्या जवळची. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या तर फरक पटकन उमगतो: ट्रिपेलचं अंग अधिक भरीव, लवंग-मसाला अधिक ठसठशीत, गोल्डन एल अधिक कोरडी, फळाकडे झुकलेली. आधी गोल्डन एल घ्या, मग ट्रिपेल. उलट क्रमानं घेतलं तर गोल्डन एल फिकी वाटते. मधे एक घोट पाणी आणि साध्या ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा.